अनिसा बसते ते घर

बांगडी पिचली तं पिचते. काच आहे ते, लोखंड नाही. एवढी वर्षं झाली, रिसोडच्या बाजारात बसून मी बायकायच्या हातात बांगड्या भरून राह्यली. एखादी पिचते, एखाद्या हाताले टोचते, बाई ‘आई गं’ म्हणते, मी ओढणीच्या टोकानं रक्त दाबते अन् पुढची बांगडी उचलते. त्या दिवशी बाजार भरलेला होता. एका आडत्याच्या सुनेचा हात माह्या हातात होता, गोरा, मऊ, भांडी न घासलेला हात. अंगठ्याचं हाड आत दाबून मी तिसरी बांगडी सरकवून राह्यली होती, तेवढ्यात तिच्या सोबतच्या बाईनं तिच्या नाकासमोर मोबाईल धरला. तिनं एकदा मोबाईलकडं पाह्यलं, एकदा माह्या तोंडाकडं, अन् हात असा हिसकला का बांगडी मधातच पिचली. रक्ताचा थेंब आला. तिच्याच हाताचा. माह्या बोटाले खरचटलंही नव्हतं, तरी सगळे पाहून राह्यले होते माह्याच बोटाकडं. शहबाज, माहा दीर, गल्ल्यावरून धावत आला. तिच्या हातावर पाण्याची अख्खी बाटली ओतली, सॅनिटायझर चोळलं, माफी मांगतली. कायची माफी, ते त्यालेही माहीत नव्हतं. मंग मले म्हणे, भाभी, तुमी घरी जा. दुकान जसं त्याच्या बापाचं तसं माह्या नवऱ्याच्या बापाचंही होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. आमच्या इकडं बांगड्या भरून झाल्या का बायका भरणाऱ्याले हात जोडतात. भरणारी मुसलमानीण असली तरी जोडतात. माह्या हातात हात देऊन बसलेली ही पहिली बाई, जी हात न जोडता उठली. मले ते सगळ्यात जास्त लागलं. रक्त नाही, मोबाईल नाही, हेच लागलं, अन् असं फालतू काही लागून घेतल्याचाही मले राग आला.

फोटो मी घरी जाऊन पाह्यला. आयतनं, माह्या पोरीनं, तो आंधीच पाह्यला होता. कॉलेजातून येऊन बॅग न काढता बसली होती. मोबाईल माह्या हातात देल्ला अन् भिंतीकडं तोंड करून म्हणे, अम्मी, फोटो तं चांगला आला. शाल, नारळ, माहं तोंड हसून राह्यलेलं, माहं नाव, गाव, अन् खाली लिहिलेलं का एचआयव्हीसह जगणारी आमची रणरागिणी. रणरागिणी म्हणे. एड्स दिनाचा कार्यक्रम होता वाशीमले, मोठे साहेब होते. मी काम करते त्या एड्सच्या प्रकल्पाचा प्रसेनजित मले दहादा म्हणे, ताई, सत्कार घ्या, फोटो ऑफिसच्या बाहेर जाणार नाही. मी घेतला. कोणाले नोको वाटते सत्कार? आयुष्यात कोणी माह्या खांद्यावर शाल टाकली नव्हती. लग्नातही चादर फुलायची होती अन् ते निजामुद्दीनच्या, माह्या नवऱ्याच्या, डोक्यावर. निजामुद्दीन बांगड्यायचा माल आणायले फिरोजाबादले जाये. चार-चार दिवस राहे तिकडं, माल आणे अन् मालासोबत हे पण आणलं. आयत पोटात होती तवा माहं रक्त तपासलं. तो बिचारा रडला, खरंच रडला, माह्या पायावर डोकं ठेवलं, अन् तरी गोळ्या घ्यायले गेला नाही, कारण गोळ्यायच्या सेंटरच्या दारात कोणी पाहीन म्हणे. इज्जतीपायी मेला. मी नाही मेली. मी गोळ्या घेतल्या, आयत साफ निघाली, अन् मी त्याच सेंटरच्या कामाले लागली, का माह्यासारख्या बायका घरी बसून मरू नये. तवापासून मी लोकायले तेच समजावून राह्यली का रोज गोळी घेतली तं रक्तात विषाणू दबून राहते, सोबत जेवल्यानं होत नाही, हात धरल्यानं होत नाही, बांगडी भरल्यानं तं बिलकुल होत नाही. माना हालवतात सगळे. मान हालवणं लय सोपं आहे.

आमचं काम असं असते का जे पेशंट गोळ्या घ्यायले यायचे बंद होतात, त्यायच्या घरी जायचं. पण जायचं कसं? गळ्यात ओळखपत्र लटकवून गेलं तं गाव म्हणते, हे कोण आली, कोणाकडं आली, काहून आली? म्हणून मी बांगड्यायची पेटी घेऊन निघाली. हे डोकं माहं, प्रकल्पाचं नाही. बांगड्यावालीले कोणी काही विचारत नाही. दार उघडं असते, ओट्यावर बसवतात, पाणी देतात, सासू असली तरी सुनेचा हात माह्या हातात येते अन् हात हातात असला का हळू आवाजात काहीही बोलता येते. बाटलीत कापूस कोंबायचं मीच बायकायले शिकवलं, गोळ्या वाजू नये म्हणून. लेबल खरवडायचं, गोळ्या ज्वारीच्या कोठीत बुडवून ठेवायच्या, तिथं सासवा हात घालत नाहीत, वाकावं लागते. किन्हीराजा, शेलूबाजार, तिकडचे तांडे, वाड्या, सगळीकडं मी फिरली. लोक म्हणत, चुडीवाली अनिसा आली. मले लय भारी वाटे. मी मोठी हुशार. हुशारी कुठं चुकली ते मले आता उमजते. बांगड्या भरायले कितीसा वेळ लागते? मी मातर आजारी बाईच्या घरी बसून राहे. तिचं रडणं ऐकत, तिले समजावत, दुपार दुपार. बाकीच्या घरी हात भरला का उठली, अन् ठरावीक घरी चहा होऊन गेला तरी बसलीच. फोटो मोबाईलमधून गावोगाव फिरला अन् बायकायनं मागचं सगळं आठवलं. कोणाकडं बसे हे चुडीवाली? कोणाच्या सुनेचा हात धरून घडी घडी बोले? अनिसा बसते ते घर. झालं. ज्या बायकायले मी पदराआड ठेवलं होतं, त्यायच्या दारावर माह्याच बसण्यानं खूण केली होती.

शेलूबाजारच्या एका बाईचा फोन आला, तिनं शिव्या देल्ल्या अन् ठेवला. दुसरीनं नंबरच बंद केला. तिसरा फोन रीताचा. रीता किन्हीराजाच्या पलीकडच्या तांड्यातली, पहिलटकरीण, आठवा लागलेला. नवरा प्रेमसिंग ऊस तोडायले गेलेला. हे पोटुशी म्हणून मागं राह्यली सासूजवळ. सासू भुरीबाई, अख्ख्या तांड्यात तिच्या जिभेपुढं कोणी टिकत नाही. दिवस राह्यले तवा रीताचं रक्त तपासलं अन् निघालं, अन् प्रेमसिंगले सांगतलं तं तो म्हणे तुह्याच माहेरून आणलं असन, अन् तपासणी न करता कोयता घेऊन टोळीसोबत गेला. एवढं एक बरं केलं का मायले सांगतलं नाही. सेंटरले जायचं म्हटलं का भुरीबाई सोबत निघते, म्हणून गोळ्या मी नेऊन देत असे. आता गोळ्या सरत आल्या होत्या. फोनवर रीता कुजबुजून राह्यली होती, मागं कोंबड्यायचा आवाज. ‘मावशी, येऊ नोको. बुढीनं फोटो पाह्यला. मले दोनदा विचारलं, ते चुडीवाली तुह्याजवळच कायले बसे. मी म्हटलं मले काय माहीत. तू आली तं मले आजच घरातून काढतीन. माहेरी तं दाराशीही उभी करणार नाहीत.’ मी म्हटलं, अन् गोळ्या? मी पुन्हा म्हटलं, रीता, लेकराचं काय? आता खंड पडला तं आतापर्यंतचं सगळं पाण्यात जाईन, लेकराले लागीन. तिनं फोन ठेवला. मले तिचाही राग आला. भित्री कुठली. मंग आठवलं का निजामुद्दीन मेल्यावर मी पण आयतले पोटाशी घेऊन असंच कुजबुजत असे. पण आठवलं म्हणून राग गेला, असं काही झालं नाही.

प्रसेनजितले फोन लावला. पोरगं वाईट नाही, हे मी आंधी सांगून टाकते, नाहीतं लोकायले वाटीन मी त्याच्यावर डूख धरून बोलून राह्यली. त्यानं फोटो कौतुकानंच टाकला होता, आपल्या मोबाईलच्या स्टेटसवर, बाकीच्या बायकायले हिंमत येईन म्हणून. कोणाची हिंमत, कोणाच्या तोंडावर! मी त्याले विचारलं का आमच्यासारख्याचं नाव आमच्या मर्जीशिवाय उघड करायले कायद्यानं बंदी आहे, हे मले कोणी शिकवलं? तूच ना, बोर्डावर लिहून? तो म्हणे, ताई, सॉरी, डिलीट केलं. डिलीट केलं म्हणे. हळद सांडली अन् ताट पुसलं. मी म्हटलं, रीताचं काय? तो म्हणे दुसरी बाई पाठवतो, पुढच्या महिन्यात नवीन भरती आहे. मी म्हटलं, पोटातलं लेकरू तुह्या भरतीसाठी थांबत नाही. तांड्यात सरकारी दवाखान्याची आशाताई आहे, हेमला, तिच्याजवळ द्या म्हणे. हेमला नायकाची, म्हणजे तांड्याच्या मुखियाची सून. तिच्याजवळ गेलं का नायकाच्या ओट्यावर गेलं अन् ओट्यावरून तांडाभर. हे मी त्याले शंभरदा सांगतलेलं. शेवटी म्हणे, ताई, तुमी शांत व्हा, तुमच्या तब्येतीले राग बरा नाही. माहं डोकं सटकलं. माह्या तब्येतीची काळजी अख्ख्या जगाले माह्या रागाच्या वेळीच येते. शाल पांघरून हसत बसली तं रणरागिणी, अन् खरंच रागावली तं तब्येत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मालेगावले उतरली अन् तिथून जीपमधी बसली. पेटी मांडीवर. रीताच्या गोळ्या मी बाटलीतून काढून कापसात गुंडाळल्या होत्या, वरून हिरव्या बांगड्या, वरून पेपर. बाकीच्या पुड्यायमधी नुसत्या बांगड्या, तशाच पेपरात, तशाच दोऱ्यानं बांधलेल्या. जीपमधी माह्या बाजूची बाई पेटीकडं पाहून जराशी सरकली. थंडी होती म्हणून अंग चोरलं असन, का ओळखलं असन, कोण जाणे. हेच मले सहन होत नाही. आता जन्मभर मी प्रत्येक सरकणारं माणूस मोजणार, हे काहून सरकलं म्हणून. बाहेर तूर पिवळी होऊन राह्यली होती. मी विचार करून राह्यली होती का जाऊन करायचं काय. गुपचूप जायचं तं तांड्यात गुपचूप काही नसते, कुत्रे आंधी भुकतात. पुडी वावरात ठेवून यायची तं आठव्या महिन्यातल्या बाईले वावरात कोण जाऊ देते? रीताच्या दारी गेली तं ते संपली. नाही गेली तं लेकरू संपलं. दोन्ही बाजूनं मीच. किन्हीराजा गेलं तरी मले काही सुचलं नव्हतं. मंग मी उतरली तवा त्या बाजूच्या बाईनं सीट हातानं झटकली. मी बसलेली जागा. तिले तिथं पिशवी ठेवायची होती, तिनं ठेवलीही. पण ते झटकणं पाहून माह्या तळपायाची आग मस्तकात गेली अन् एकदम मले दिसलं का काय करायचं. अनिसा बसते ते घर, होय ना? ठीक आहे. मंग अनिसा आज बसते.

तांड्यात अर्ध्या घरायले कुलपं, माणसं उसाले गेलेली. उरल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, अन् नायक अमरसिंग, त्याचा ओटा अन् त्याची खाट. मी सरळ नायकाच्याच ओट्यावर गेली, पेटी ठेवली अन् मांडी घालून बसली. तो पाहतच राह्यला. हेमला दारातून डोकावली, अन् तिच्या तोंडावरून मले कळलं का फोटो इथंही पोचला. अमरसिंग म्हणे, बाई, तुह्यं काय काम इथं. मी म्हटलं, काय काम म्हणजे? बांगड्या भरते मी, अन् पाणी द्या, उन्हातून आली. त्यानं पाणी सांगतलं नाही. मी हलली नाही. चहाची वेळ होती, घरात चहा उकळून राह्यला होता, त्याचा वास येऊन राह्यला होता, अन् कोणी कप बाहेर आणेना. मी बसली. बायका जमल्या. लांब उभ्या राहून आपल्या बोलीत कुजबुजल्या. मी बसलीच. जवा मले वाटलं का आता हे बसणं अख्ख्या तांड्याच्या डोळ्यात चांगलं मुरलं, तवा मी एक पुडी हेमलाच्या उंबऱ्यावर ठेवली, म्हटलं, तुह्या मापाच्या आहेत, अन् उठली. बाजूच्या घरी गेली. तिथंही तसंच. पाणी द्या. बसली. पुडी. एका म्हातारीनं दार लावून घेतलं, मी दाराले पाठ टेकवून बसली. एकीनं पुडी गल्लीत फेकली, काच फुटल्याचा आवाज आला, मी दुसरी ठेवली. एकीनं, खरंच सांगते, पाणी देल्लं, अन् मंग भांडं कुठं ठेवावं ते तिले कळेना, हातातच धरून उभी राह्यली. तिचा मले सगळ्यात जास्त राग आला, काहून आला मले माहीत नाही. तांडा चिडला होता. अमरसिंग काठी टेकत मागं मागं येऊन राह्यला होता अन् मोठ्यानं म्हणून राह्यला होता का हे बाई पागल झाली, घरोघर बसून राह्यली. मले तेच पाहिजे होतं. त्याच्याच तोंडानं पाहिजे होतं.

रीताचं घर मधात आलं. भुरीबाई दारात, कमरेवर हात, कोपरापर्यंत पांढरे चुडे. मी ओट्यावर बसली. रीताकडं पाह्यलंही नाही. ते आत चुलीजवळ होती, एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, पोट वर आलेलं, हात पिठात. भुरीबाईनं सुरू केलं. माही जात काढली, माहा नवरा काढला, माह्या पोरीलेही सोडलं नाही. मी पाणी मांगतलं. गोळ्यायवाली पुडी उंबऱ्यावर ठेवली. भुरीबाई म्हणे, हे काय भरून आणलं यात, अन् वाकून पुडी उचलली. दोरा तिच्या बोटात होता. नखानं गाठ सोडून राह्यली होती. तेवढ्यात रीता बाहेर आली, पिठाच्या हातानं सासूच्या हातातून पुडी हिसकली अन् अशी ओरडली का तांडाभर ऐकू गेलं. ‘आई, हात नोको लावू त्या घाणीले. चुलीत घालते मी.’ ते आत गेली. भुरीबाई माह्याकडं तोंड करून उभी होती, तिले दिसलं नाही, मले दिसलं. रीता चुलीजवळ गेलीच नाही. कोठीचं झाकण उचललं, खांद्यापर्यंत हात आत घातला, झाकण ठेवलं. मंग पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली अन् मी बसली होती तिथं ओतली. मी उठायच्या आत ओतली. माही सलवार, चपला, पेटीचा खालचा कप्पा, सगळं चिंब झालं. ‘निघ माह्या दारातून,’ ते म्हणे. ‘तुह्यासारखीची सावली नोको माह्या पोटावर. कधी पाह्यली नाही मी तुले अन् पाहायची नाही.’ भुरीबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. बायका हासल्या. अमरसिंगनंही मान हालवली, का हे पोरगी खरी.

मी तिच्या डोळ्यात पाह्यलं. वाटलं होतं एखादी खूण करीन, पापणी तरी पाडीन. काही नाही. एवढं चोख. खोटं बोलायले मीच तिले शिकवलं, पण असं मनापासून बोलायले कोणी शिकवलं तिले? का ते खरंच मनापासून होतं? दोन्हीही असन. गोळ्या कोठीत गेल्या होत्या, लेकरू वाचणार होतं, ज्यासाठी आली ते झालं होतं, अन् माह्या पायातून पाणी निथळून राह्यलं होतं अन् मले तरी राग आला होता. मले बसस्टॉपवर जायचं होतं. कोपऱ्यात तोंड करून रडायचं होतं, आयतजवळ जायचं होतं. पण रीताच्या दारातून मी सरळ रस्त्याले लागली असती तं सगळ्यायले कळलं असतं का अनिसा कोणासाठी आली होती. बादलीही वाया गेली असती. मी पेटी उचलली. बाजूच्या घराची बाई हे सगळं पाहत दारातच उभी होती, माह्याकडं पाहून दार ओढायले लागली. मी दारात पाय ठेवला, ओलाच, अन् तिच्या ओट्यावर बसली.

‘पाणी दे बाई,’ मी म्हटलं. ‘मले अजून लय घरं बाकी आहेत.’